वेळेवर दिलेला नकार : गृहकर्ज अधिकाऱ्याच्या शक्तिक्षयाचा विचार

सर्वसाधारण माणूस घर आयुष्यात बहुधा एकदाच विकत घेतो, आणि त्याची किंमत अनेक वर्षांच्या प्राप्तीइतकी असल्यामुळे, ते घेण्यासाठी ज्याच्यापुढे आपले वेतन, आपली देणी, भावाबहिणींतील वाटण्या आणि जमिनीचे कागद हे सारे उलगडून ठेवावे लागते, तो बँकेतील किंवा गृहवित्त संस्थेतील कर्ज अधिकारी त्या कुटुंबाच्या आयुष्यात काही काळ फार मोठे स्थान घेऊन बसतो. त्या कुटुंबाच्या दृष्टीने हा प्रसंग एकमेव असतो. अधिकाऱ्याच्या दृष्टीने तो त्या दिवसातील पाचवा किंवा दहावा असतो. या दोन दृष्टींतील अंतर रोज भरून काढण्याचा भार त्याच्या सौजन्यावर, धीरावर आणि प्रकृतीवर पडतो, आणि तो वर्षानुवर्षे पडत राहिला म्हणजे त्याच्या अंगी जी एक विशिष्ट प्रकारची क्लांती मुरते, तिचे स्वरूप, तिची कारणे आणि तिचे निवारण यांचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

हा पेशा आपल्याकडे फार जुना नाही. गहाण आणि तारण यांचा व्यवहार पुरातन असून त्याची कायदेशीर चौकट १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५८ व्या कलमात निश्चित झालेली आहे; परंतु पगारदार माणसाला त्याच्या भावी उत्पन्नाच्या भरवशावर पंधरा-वीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज द्यावे, ही पद्धत देशात खऱ्या अर्थाने रुजली ती हसमुखभाई पारेख यांनी १९७७ मध्ये मुंबईस हाउसिंग डेव्हलपमेंट फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन केल्यानंतर. १९८८ मध्ये राष्ट्रीय आवास बँक अस्तित्वात आली, पुढे व्यापारी बँकाही या क्षेत्रात मोठ्या प्रमाणावर उतरल्या, आणि जो मध्यमवर्गीय माणूस पूर्वी निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पुंजीतून घर बांधीत असे, तो आता तिशीतच वीस वर्षांच्या हप्त्यांवर सही करू लागला. ज्या निर्णयाचे परिणाम एखाद्या कुटुंबाला पुढची दोन दशके भोगावयाचे आहेत, त्या निर्णयाच्या उंबरठ्यावर हा अधिकारी उभा असतो; म्हणून त्याच्या मनाची अवस्था ही केवळ त्याची खाजगी बाब राहत नाही.

शक्तिक्षयाची तीन लक्षणे

अतिश्रमाने येणारा साधा थकवा आणि ज्याला आज सर्वत्र बर्नआउट म्हणतात तो शक्तिक्षय, या दोन अवस्था भिन्न आहेत. न्यूयॉर्क येथील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी मोफत दवाखान्यांत तळमळीने राबणाऱ्या मंडळींची हळूहळू होत जाणारी दशा पाहून १९७४ मध्ये तिचे या नावाने वर्णन केले. कॅलिफोर्नियातील क्रिस्टिना मॅस्लाक यांनी सुसान जॅक्सन यांच्यासह १९८१ मध्ये ती मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीसंबंधी स्पष्टीकरण देताना ही अवस्था रोग नसून व्यवसायाशी निगडित अशी घटना आहे, व कामाच्या ठिकाणचा दीर्घकालीन ताण यशस्वीपणे न हाताळला गेल्याने ती उद्भवते, असे नमूद केले. या स्पष्टीकरणातील मर्म असे की, दोषाचे मूळ माणसाच्या प्रकृतीत शोधण्याआधी ते त्याच्या कामाच्या रचनेत शोधावे.

या अवस्थेची तीन लक्षणे सांगितली जातात, आणि कर्ज अधिकाऱ्याच्या दिनक्रमात ती तिन्ही सहज ओळखता येतात. पहिले लक्षण शक्ती सरल्याची सततची जाणीव हे होय. रात्रीच्या झोपेने किंवा रविवारच्या सुट्टीने ती भरून येत नाही, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्याच्या नुसत्या विचाराने छाती दडपते. दुसरे लक्षण काम आणि माणसे यांच्याविषयी निर्माण होणारा दुरावा. समोरची बाई आईच्या आजारपणात दोन हप्ते का चुकले हे सांगत असते, आणि तिचे बोलणे कानावर पडत असूनही तो तिच्या पतअहवालातील आकड्यापलीकडे काही पाहू शकत नाही. तिसरे लक्षण कार्यक्षमतेचा ऱ्हास. एकच फेरफार तो तीनदा वाचतो आणि तरीही मयत खातेदाराच्या वारसांपैकी एका मुलीचे नाव दस्तातून गळले आहे हे त्याच्या ध्यानी येत नाही. या तिसऱ्या लक्षणाकडे संस्थांनी विशेष लक्ष द्यावे, कारण थकलेल्या डोळ्यांतून निसटलेली एक त्रुटी पुढे दिवाणी न्यायालयात दहा वर्षे नांदू शकते.

पूर आणि ओहोटी

या व्यवसायातील शक्तिक्षयाचे पहिले कारण असे की, कामाचा वेग ठरविणाऱ्या शक्ती अधिकाऱ्यापासून फार दूर असतात. मे २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवर आणला आणि तो पुढील सुमारे दोन वर्षे तेथेच राहिला. त्याच सुमारास महाराष्ट्र शासनाने मुद्रांक शुल्कात सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळासाठी तीन टक्क्यांची आणि त्यानंतर मार्च २०२१ अखेरपर्यंत दोन टक्क्यांची तात्पुरती सूट दिली. साहजिकच दुय्यम निबंधकांच्या कार्यालयांत दस्तनोंदणीसाठी रांगा लागल्या, आणि प्रत्येक ग्राहकाला सवलतीची मुदत संपण्यापूर्वी मंजुरी हवी असल्यामुळे कर्ज विभागांवर अर्जांचा पूर लोटला. मग मे २०२२ पासून रेपो दर चढू लागला व फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० टक्क्यांवर पोहोचला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या व्याजाची गृहकर्जे बाह्य मानदंडाशी, म्हणजे बहुधा या रेपो दराशीच, जोडलेली असल्याने ही वाढ कर्जदाराच्या हिशेबात त्वरित उतरली.

या वाढीचा अर्थ आकड्यांत पाहिल्यावाचून अधिकाऱ्यावरील ताणाची कल्पना येणार नाही. ३० लाखांचे कर्ज वीस वर्षांच्या मुदतीने ७ टक्के दराने घेतले तर मासिक हप्ता सुमारे २३,२५९ रुपये येतो, दर ९.५० टक्के झाला तर तोच हप्ता सुमारे २७,९६४ रुपये होतो. इतकेच नव्हे, तर ३० लाखांवर ९.५० टक्क्यांनी एका महिन्याचे व्याजच २३,७५० रुपये होते. म्हणजे अलीकडेच कर्ज घेतलेल्या माणसाचा हप्ता जुनाच ठेवला, तर मुद्दल फिटणे दूरच, व्याजही पुरे भागत नाही. ही आपत्ती ओळखूनच रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये, दरवाढीच्या वेळी हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही थोडे थोडे करावे, याचा विकल्प कर्जदाराला द्यावा आणि मुदत लांबविताना कर्ज उलटे फुगू नये याची दक्षता घ्यावी, असे निर्देश दिले. परंतु हे निर्देश येण्यापूर्वी आणि आल्यानंतरही, 'साहेब, तीन वर्षे हप्ते भरले, तरी मुदत कमी होण्याऐवजी वाढली कशी?' हा प्रश्न विचारण्यासाठी लोक गेले ते मिंट रोडवरील रिझर्व्ह बँकेत नव्हे, तर आपल्या शाखेतील त्या एका टेबलापाशी.

अमेरिकेत हेच चक्र अधिक तीव्रतेने फिरले. तेथील तीस वर्षांच्या स्थिर व्याजाच्या गृहकर्जाचा सरासरी दर, फ्रेडी मॅक या संस्थेच्या साप्ताहिक पाहणीनुसार, जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्के इतका खाली आला होता, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७.७९ टक्क्यांवर गेला. दर उतरले तेव्हा लक्षावधी घरमालकांनी जुनी कर्जे फेडून स्वस्त नवी कर्जे घेतली, आणि तेथील कर्ज अधिकाऱ्यांची प्राप्ती बव्हंशी दलालीवर अवलंबून असल्याने त्यांनी रात्रंदिवस काम केले. दर चढताच पुनर्कर्जाचा तो ओघ आटला, उत्पन्न घसरले आणि अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. भरती आणि ओहोटी या दोन्ही माणसाला झिजवितात, एक श्रमाने व दुसरी चिंतेने. आणि ज्याने भरतीच्या दिवसांत आपल्या घरखर्चाचे मान वाढवून ठेवले असेल त्याला ओहोटी अधिक जाचते. म्हणून कमिशनवर किंवा प्रोत्साहन भत्त्यावर जगणाऱ्याने तेजीतील प्राप्तीला नित्याचे उत्पन्न समजू नये, आणि घरखर्च केवळ निश्चित वेतनावर बसवावा, हा या व्यवसायातील मनःस्वास्थ्याचा पहिला व अगदी व्यावहारिक नियम होय.

उत्तरदायित्व आहे, अधिकार नाही

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये असे प्रतिपादन केले की, कामाचा भार जड असूनही निर्णयाचे स्वातंत्र्य असेल तर माणूस पुष्कळ निभावून नेतो. परंतु भार मोठा आणि अधिकार अल्प असा योग जेथे जुळतो तेथे ताण सर्वाधिक होतो. गृहकर्जाच्या व्यवहारात हा योग पदोपदी जुळून येतो. अर्ज ज्याने स्वीकारला त्याच्या हाती मंजुरी नसते. ती पतविभागाकडे असते. मालकीहक्काची छाननी वकील करतो, आणि तीस वर्षांच्या शोध अहवालात एखादा जुना बोजा निघाला तर सारे थांबते. मूल्यांकन करणारा अभियंता विक्रीच्या करारातील किमतीपेक्षा कमी किंमत लावतो. बांधकाम व्यावसायिकाला भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले नसते, सोसायटीची सभा झाली नाही म्हणून ना-हरकत दाखला अडतो, आणि नोंदणीच्या दिवशी सर्व्हर बंद पडतो. या सर्व विलंबांचा खुलासा करण्याचे काम मात्र त्या एकट्याचेच असते, कारण ग्राहकाला ठाऊक असलेला चेहरा आणि दूरध्वनी क्रमांक त्याचाच असतो.

त्यातच त्याला दोन धन्यांची चाकरी करावी लागते. शाखेला महिनाअखेरीस ठराविक रकमेचे वितरण हवे असते, ज्याला कचेरीच्या भाषेत टार्गेट म्हणतात. आणि त्याच शाखेला असेही हवे असते की, त्याने दिलेले कर्ज नव्वद दिवसांहून अधिक थकून अनुत्पादक खात्यांत जाऊ नये, कारण तसे झाले म्हणजे २००२ च्या सरफेसी कायद्याखालील साठ दिवसांच्या नोटिशीपासून जप्तीपर्यंतचा अप्रिय मार्ग सुरू होतो. एका हाताने लोटावे आणि दुसऱ्या हाताने आवरावे, अशी ही स्थिती. या दोन ओढींमध्ये सापडलेला माणूस जो सोपा मार्ग धरतो, तोच त्याच्या शक्तिक्षयाचे तिसरे आणि, माझ्या मते, सर्वांत मोठे कारण ठरतो.

'होऊन जाईल' या उत्तराची किंमत

तो मार्ग म्हणजे टोलवाटोलवीचा. 'साहेब, काम होईल ना?' असे आर्जवाने विचारणाऱ्याला 'बघू या, होऊन जाईल' असे उत्तर देणे हे आपल्या समाजात सौजन्याचे लक्षण मानले जाते. समोरच्याचे मन मोडू नये, ही भावना त्यामागे असते, आणि महिनाअखेरच्या यादीतून एक नाव आजच गळू नये हा विचारही असतो. परंतु या उत्तराने काहीच संपत नाही. तो अर्जदार चार दिवसांनी पुन्हा विचारतो, आठवड्याने पुन्हा. दरम्यान तो त्या आश्वासनावर विसंबून विक्रेत्याला इसार देऊन बसतो. आणि शेवटी जेव्हा पतविभागाकडून अमान्य असा शेरा येतो, तेव्हा त्याची रक्कम अडकलेली असते, घर हातचे गेलेले असते, आणि त्याच्या संतापाचा सारा आघात त्या सौजन्यशील अधिकाऱ्यावर होतो. पहिल्या दिवशी जो नकार पाच मिनिटांच्या निराशेत आटोपला असता, तो पाचव्या आठवड्यात एका कुटुंबाचे नुकसान आणि एका माणसाची झोप घेऊन जातो. अशी अधांतरी ठेवलेली वीस-पंचवीस प्रकरणे ज्याच्या मनात एकाच वेळी वावरत असतात, त्याला घरी जेवणाच्या पानावरही विश्रांती मिळत नाही.

म्हणून माझे ठाम प्रतिपादन असे आहे की, या व्यवसायात शक्तिक्षय टाळण्याचा मुख्य उपाय रजा किंवा व्यायाम हा नसून, नकार वेळेवर, स्पष्ट आणि सकारण देण्याची सवय हा आहे. बाकीचे उपाय त्याच्या मागून येतात आणि त्याच्या आधारानेच फलद्रूप होतात.

वेळेवर नकार देता यावा यासाठी पहिल्याच भेटीत पुरेसे प्रश्न विचारले पाहिजेत, आणि ते अर्ज दाखल करण्यापूर्वी विचारले पाहिजेत. प्रश्न मोजकेच आहेत: हाती येणारे नियमित उत्पन्न किती, चालू असलेले अन्य हप्ते किती, पतअहवालात ३०० ते ९०० या श्रेणीतील गुणांक कोठे आहे व थकबाकीची नोंद आहे काय, घरासाठी लागणारी स्वतःची रक्कम खरोखर तयार आहे काय, आणि मिळकतीच्या कागदांत उघड दिसणारा दोष आहे काय.

एक उदाहरण घेऊ. ५० लाखांचे घर घेऊ इच्छिणारे एक जोडपे आले. दोघांचे मिळून निव्वळ उत्पन्न ६०,००० रुपये, आणि गाडीच्या कर्जाचा हप्ता ८,००० रुपये. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांहून अधिक व ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाचे प्रमाण घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांहून जास्त असू शकत नाही, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी फी साधारणतः धरता येत नाही. म्हणजे कर्ज फार तर ४० लाख, आणि पदरचे १० लाख, त्यावर महाराष्ट्रातील मोठ्या शहरांतील सहा-सात टक्के दराने मुद्रांक शुल्काचे तीन ते साडेतीन लाख व नोंदणीचे ३०,००० रुपये, असे सुमारे साडेतेरा लाख रोख जवळ हवेत. शिवाय ४० लाखांचा वीस वर्षांचा हप्ता ८.५० टक्के दराने सुमारे ३४,७०० रुपये होतो. संस्थेचा दंडक सर्व हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत असा आहे असे धरले, तर गाडीचा हप्ता वजा जाता २२,००० रुपयेच उरतात, आणि तेवढ्यात सुमारे पंचवीस लाखांचे कर्ज बसते. हा हिशेब दहा मिनिटांत कागदावर मांडता येतो, आणि तो मांडून झाल्यावर, 'ताई, या पगारावर पंचवीस लाखांपर्यंत कर्ज बसते, चाळीस बसत नाही. गाडीचे कर्ज फिटले की आकडा चौतीस लाखांपर्यंत जाईल. तोवर या घराचा इसार देऊ नका,' असे सांगणे म्हणजे त्या दांपत्याचा अवमान नसून त्यांच्यावर केलेला मोठा उपकार होय.

या उत्तराची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. त्यात नकार आहे, नकाराचे कारण आहे, जे शक्य आहे त्याचा आकडा आहे, आणि परिस्थिती कशाने बदलेल याची दिशाही आहे. असा नकार ऐकून जाणारा माणूस निराश होईल, परंतु तो पुन्हा पुन्हा फेऱ्या मारणार नाही. आणि पुष्कळदा दोन वर्षांनी तो त्याच अधिकाऱ्याकडे परत येतो, कारण अन्यत्र सर्वांनी त्याला आशा दाखविली आणि येथे मात्र हिशेब मिळाला, ही गोष्ट त्याच्या स्मरणात राहिलेली असते. जे प्रकरण स्वीकारावयाचे त्याच्या बाबतीतही हाच नियम लावावा. वकिलाचा अहवाल, मूल्यांकन, मंजुरी, करारनाम्याची नोंदणी आणि वितरण या पायऱ्यांपैकी कोणती आपल्या हाती आहे व कोणती नाही हे ग्राहकाला आरंभीच लिहून द्यावे, आणि ठरलेल्या वारी, काही घडलेले नसले तरी, आपण होऊन कळवावे. ज्याला शुक्रवारी दूरध्वनी येणार हे ठाऊक असते तो मंगळवारी रात्री साडेनऊ वाजता फोन करीत नाही.

दिवस मिटविण्याची रीत

काम दफ्तरात राहावे आणि माणूस घरी यावा यासाठी दिवसाच्या शेवटी नोंदीची शिस्त हवी. अमेरिकेतील मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, अपुरी राहिलेली कामे मनात घोळत राहतात हे खरे असले, तरी त्यांच्यासाठी पुढे काय, केव्हा आणि कसे करावयाचे याची निश्चित योजना आखली म्हणजे, काम पुरे झालेले नसतानाही, त्यांचा मनाला होणारा उपद्रव ओसरतो. कर्ज अधिकाऱ्यासाठी याचा अर्थ असा की, कचेरी सोडण्यापूर्वीच्या पंधरा मिनिटांत प्रत्येक चालू प्रकरणापुढे तीनच गोष्टी लिहाव्या: ते कोणाकडे अडले आहे, पुढची कृती कोणती, आणि ती कोणत्या तारखेला. जुन्या कचेऱ्यांत रोजनामचा लिहिल्याशिवाय कारकून उठत नसे, त्या शिरस्त्यात कारभाराप्रमाणेच लिहिणाऱ्याचेही हित होते.

ही नोंद रजेलाही उपयोगी पडते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२१ मध्ये बँकांना असे सांगितले आहे की, संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना दरवर्षी एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान दहा कामकाजाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवावे. या नियमाचा हेतू विश्रांती हा नसून गैरव्यवहाराला आळा घालणे हा आहे. तथापि त्यातून एक गोष्ट आपोआप सिद्ध होते, ती अशी की, नोंदी व्यवस्थित असतील तर कोणतीही एक व्यक्ती दहा दिवस नसल्याने बँकेचे काम अडत नाही. 'माझ्यावाचून चालणार नाही' ही समजूत माणसाला सुखावते खरी, पण तीच त्याला रजेच्या दिवशी गावच्या देवळात उभे राहून ग्राहकाचे फोन घ्यावयास लावते. जर्मन मानसशास्त्रज्ञ सबीने झोनेनटाग यांच्या अभ्यासांतून असे दिसले आहे की, कामाच्या वेळेबाहेर मनाने कामापासून खरोखर दूर होणे ही शक्ती पुन्हा भरून येण्याची महत्त्वाची अट आहे. म्हणून रजेवर जाताना फोन सहकाऱ्याकडे वळवावा, आणि त्या सहकाऱ्याच्या रजेत आपण तेच ऋण फेडावे.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. झोप आठवडेच्या आठवडे उडाली, कोणत्याही गोष्टीत रस उरला नाही, किंवा जगणे निरर्थक वाटू लागले, तर ती अवस्था कामाच्या शक्तिक्षयापलीकडची, नैराश्याच्या विकाराची असू शकते, आणि तिच्यावर वैद्यकीय उपचार आहेत. अशा वेळी डॉक्टरांकडे जाण्यात संकोच करू नये. केंद्र शासनाची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते.

संस्थेचे कर्तव्य

एवढे सर्व अधिकाऱ्याने केले तरी संस्थेने आपला वाटा उचलल्याशिवाय ते टिकणार नाही. क्रिस्टिना मॅस्लाक आणि मायकेल लायटर यांनी शक्तिक्षयाची कारणे शोधताना कामाच्या सहा अंगांकडे लक्ष वेधले आहे: कामाचा भार, त्यावरील नियंत्रण, मोबदला, सहकाऱ्यांचे संबंध, न्याय्यता आणि मूल्ये. यांपैकी शेवटची दोन अंगे गृहकर्जाच्या व्यवसायात सर्वाधिक दुखावली जातात. ज्याने महिनाअखेरीस कच्ची प्रकरणे रेटून वितरणाचा आकडा गाठला त्याचा सत्कार होतो, आणि ज्याने तीच प्रकरणे पहिल्या भेटीतच विवेकाने परतविली त्याला स्पष्टीकरण विचारले जाते. मग दोन वर्षांनी थकबाकीच्या वसुलीसाठी घरोघर जाण्याचे काम अनेकदा याच दुसऱ्या माणसाच्या वाट्याला येते. प्रामाणिक माणसाला श्रमांपेक्षा हा अन्याय अधिक थकवितो.

यावर उपाय अवघड नाहीत. उद्दिष्टे महिन्याऐवजी तिमाहीची ठेवावी, म्हणजे शेवटच्या चार दिवसांतील झुंबड कमी होईल. वकील आणि मूल्यांकनकार यांच्या अहवालांना मुदती घालून द्याव्या आणि त्या चुकल्यास त्याची सूचना ग्राहकाला संस्थेनेच थेट पाठवावी, म्हणजे दुसऱ्याच्या विलंबाचा जाब या एकट्याला द्यावा लागणार नाही. तेजीच्या काळात तात्पुरते मनुष्यबळ द्यावे. कर्जाच्या पहिल्या दोन वर्षांतील परतफेड कशी झाली याला अधिकाऱ्याच्या मूल्यमापनात वितरणाइतकेच वजन द्यावे. आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे, अर्ज दाखल होण्यापूर्वी ज्या व्यक्तींना योग्य हिशेब मांडून, कारण सांगून परत पाठविले, त्यांची नोंद ठेवण्याची रीतसर वही असावी, आणि ती वही वार्षिक अहवालाच्या वेळी वरिष्ठांनी वाचावी. आज हे काम कोठेही मोजले जात नाही, आणि जे मोजले जात नाही ते करणाऱ्याला आपण काही केले असे वाटत नाही. किंबहुना आपण काही गमावले असेच वाटत राहते. एखाद्या कुटुंबाला न पेलणाऱ्या कर्जापासून वाचविणे हे कर्ज देण्याइतकेच पूर्ण असे काम आहे, असे जी संस्था आपल्या पगारपत्रकात मान्य करील, तिच्या अधिकाऱ्यांना 'होऊन जाईल' असे म्हणण्याची गरज उरणार नाही, आणि त्यांची प्रकृती राखण्यासाठी वेगळी शिबिरे भरविण्याचे प्रसंगही फार थोडे येतील.